सुरकुती कोणाला खुपते?

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आमच्याकडे आले. पत्र दोनच पानांचे. पण आठ दिवस आम्ही त्याला उत्तर लिहू शकलो नाही.

बाई बावन्न वर्षांच्या आहेत. एका पतपेढीत पैसे देण्याघेण्याच्या खिडकीशी बसतात. यजमान तीन वर्षे अंथरुणाला खिळून होते, ते गेले. त्यांचे आजारपण, मुलीचे शिक्षण, पुढे तिचे लग्न, सगळे बाईंनीच निभावले. या साऱ्यात दोन भुवयांच्या मध्ये दोन खोल उभ्या रेषा पडल्या. खिडकीशी येणारा जो तो विचारतो, "काय बाई, आज रागात का?" राग मुळीच नसतो. वरच्या साहेबांनीही एकदा सुचवले, की गिऱ्हाइकाशी जरा प्रसन्न चेहऱ्याने बोलत जा. आता मुलगी म्हणते, "आई, यावर इंजेक्शन मिळते. दहा मिनिटांचे काम. पैसे मी देते." सासूबाई म्हणतात, "देवाने दिलेले तोंड सुईने बदलायचे? आणि गळ्यात माळ ना गं तुझ्या?" बाईंचा प्रश्न एवढाच आहे: हे केले तर दोष लागेल काय? माळ उतरवावी लागेल काय?

खरे सांगायचे तर आमचे पहिले उत्तर तयारच होते. देह नाशिवंत, त्याचे कौतुक कशाला, म्हातारपण आले तर येऊ द्यावे, असे चार ओळींत लिहून आम्ही मोकळे झालो होतो. पाकीट तेवढे चिकटवायचे राहिले. आणि सकाळी आरशासमोर उभे राहून मिशीला कलप लावताना आमचे आम्हांलाच हसू आले. अहो, बारा वर्षे झाली आम्ही कलप लावतो, आणि आम्हांला तर कोणी विचारलेही नाही की माळ उतरवता काय! ते उत्तर आम्ही फाडून टाकले आणि प्रश्नाकडे पहिल्यापासून पाहायचे ठरवले.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. जे माहीत नाही त्याला नावे ठेवणे सोपे असते. बोटॉक्स हे एका औषधाचे विकायचे नाव. आतले द्रव्य म्हणजे बोट्युलिनम नावाच्या जंतूने तयार केलेले विष, आणि तेही साधेसुधे नव्हे. माणसाला ठाऊक असलेल्या अति जहाल विषांपैकी ते एक आहे. जर्मनीत मांसाचा खिमा आतड्यात भरून टिकवतात. तो नासला की खाणाऱ्यांची नजर दुहेरी होई, घास गिळवेना, शेवटी श्वास बंद पडे. जस्टिनस केर्नर नावाच्या वैद्याने 1820 च्या सुमारास अशा रोग्यांची बारकाईने नोंद केली. एवढेच नव्हे, तर हे विष थोडक्या मात्रेत औषध म्हणून वापरता येईल असे अनुमानही त्याने लिहून ठेवले. पुढे 1895 साली बेल्जियममधल्या एका खेड्यात उत्तरकार्याच्या जेवणात खारवलेले मांस खाऊन काही वाजंत्री मंडळी आजारी पडली, त्यांतली तिघे दगावली. त्या मांसातून एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी हा जंतू शोधून काढला.

केर्नरचे अनुमान खरे व्हायला दीडशे वर्षे जावी लागली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रवैद्य अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांवर शस्त्रक्रियेवाचून इलाज शोधताना हे विष अगदी सूक्ष्म मात्रेत वापरून पाहिले. आधी माकडांवर, मग माणसांवर. 1989 साली तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटून राहण्याच्या विकारासाठी अमेरिकेच्या सरकारने त्यास मान्यता दिली. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात जीन कॅरदर्स या नेत्रवैद्य बाई पापण्यांच्या अशाच रोग्यांना हे औषध देत असत. 1987 च्या सुमारास त्यांच्या एका रोगी बाईने तक्रार केली, की या खेपेस तुम्ही भुवयांच्या मध्ये सुई टोचलीच नाही. तिथे टोचले की माझा चेहरा कसा शांत दिसतो! जीन बाईंचे यजमान अ‍ॅलस्टेअर हे कातडीच्या रोगांचे डॉक्टर. दोघांनी मिळून या गोष्टीचा पाठपुरावा केला, 1992 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि 2002 साली भुवयांमधल्या रेषांसाठी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

ते काम कसे करते? मज्जातंतू स्नायूला 'आवळ' असा निरोप देतो, तो निरोप हे औषध अडवते. कपाळाला आठी घालणारा स्नायू आवळायचा थांबला, की वरची कातडी सैल पडते आणि रेष बुजते. गुण यायला काही दिवस लागतात, आणि साधारण तीन-चार महिन्यांनी तो ओसरतो. मग पुन्हा सुई. हेच औषध अर्धांगवायूने आखडलेला हात सैल करायला, मान वाकडी होण्याच्या विकाराला, जुनाट अर्धशिशीला वापरतात. तेव्हा औषध आपल्या जागी निर्दोष आहे. विषाचे औषध करणे हा माणसाच्या बुद्धीचा गुणच म्हणायचा.

आता धर्माच्या बाजूने पाहू. सासूबाईंचे म्हणणे असे की देवाने दिलेले बदलू नये. पण मग चष्मा? कवळी? मोतीबिंदू काढून डोळ्यांत बसवलेले भिंग? कोणी म्हणेल, ती सोय झाली, आणि हे दिसणे झाले. हा भेद आम्हांला क्षणभर पटला. पण दिसणे म्हणजे दोष, असे तरी आपण कुठे मानतो? सणाला धुतलेले धोतर नेसतो, लेकीबाळी वेणी-फणी करतात, आरशात पाहून आपण कपाळाचा टिळा नीट करतो. नीटनेटके दिसावे ही इच्छा माणसाला असतेच, आणि तीत पाप नाही. म्हणून केवळ 'दिसण्यासाठी केले' एवढ्यावरून या बाईंना दोषी ठरवायला आमचे मन घेत नाही. आणि बाईंना तरुण दिसायची हौसही नाही. नसलेला राग चेहऱ्यावर दिसू नये, एवढेच त्यांचे मागणे आहे.

मग अडते कुठे? त्या पत्रात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती आम्ही तिसऱ्या वाचनाला पाहिली. "लोक म्हणतात", "साहेब म्हणाले", "मुलगी म्हणते", "सासूबाई म्हणतात". "मला वाटते" असे दोन पानांत एकदाही नाही! सुरकुती बाईंच्या कपाळावर. पण खुपते ती दुसऱ्यांना. सुई टोचायची बाईंना. पण दुखणे आहे ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत. त्याच खिडकीच्या शेजारच्या खिडकीत एखादा पन्नाशीचा गृहस्थ कपाळाला आठ्या घालून बसला असता, तर लोक म्हणाले असते, "माणूस कामात आहे." पुरुषाची सुरकुती म्हणजे अनुभव, आणि बाईची सुरकुती म्हणजे उतार, हा हिशेब कोणत्या ग्रंथात आहे? कोणत्याच नाही. तो आपल्या बोलण्यात आहे.

बोलण्यावरून आम्हांला आमचे स्वतःचे आठवले, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सात-आठ वर्षांपूर्वी घरच्या एका लग्नात आमची धाकटी बहीण बऱ्याच दिवसांनी भेटली. शेताचे काम, सासऱ्यांचे आजारपण, यांत ती वाळली होती, चेहऱ्यावर जाळे पडले होते. आम्ही चारचौघांत म्हणालो, "अगं, तू तर आता माझी थोरली बहीण दिसायला लागलीस!" सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर घरात जेवढे फोटो निघाले, त्यांत ती मागच्या रांगेत कोणाच्या तरी खांद्याआड उभी आहे. हे आमच्या ध्यानात आले ते या पत्रानंतर, जुने फोटो काढून पाहिले तेव्हा. शब्द आमचा गेला एका क्षणात. तिचे तोंड लपवणे अजून चालू आहे.

वारी करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पंढरीची मूर्ती झिजली आहे हे आपण सारे जाणतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे अभिषेक आणि लाखो हातांचा, माथ्यांचा स्पर्श. ती झीज थांबावी म्हणून मूर्तीवर वज्रलेप करावा लागतो. 2020 सालीही तो झाला. कोणी चतुर म्हणेल, "बघा, देवालासुद्धा लेप चालतो!" पण तो लेप मूर्ती नवी दिसावी म्हणून नसतो. आहे ते टिकावे, पुढच्या माणसाला पायांवर डोके ठेवता यावे, यासाठी असतो. आणि दर्शनबारीत तासन्‌तास उभा राहून गाभाऱ्यात पोहोचलेला कोणी आजवर म्हणाला आहे काय, की देव आता पूर्वीसारखा राहिला नाही? नाही. ती झीज आपल्या हातांची आहे हे त्याला ठाऊक असते. मग घरातल्या बाईची झीज कोणाच्या हातांची? यजमानांच्या उशाशी तीन वर्षे जागून पडलेल्या रेषांना आपण 'रागीट तोंड' म्हणतो! देवाच्या झिजेपुढे आपण डोके ठेवतो आणि माणसाच्या झिजेला नावे ठेवतो, हा दोष मोठा आहे. तो त्या बाईंचा नव्हे.

म्हणून बाईंना आमचे उत्तर असे. ताई, यात पाप नाही. माळ उतरवण्याचे कारण तर मुळीच नाही. पण सुई घेण्यापूर्वी तीन प्रश्न आपल्या मनाला विचारा.

पहिला प्रश्न, हे मला हवे आहे, की मला हवे आहे असे लोकांनी मला सांगितले आहे? चार दिवस कोणाचे काही न ऐकता आरशात पाहा. त्या रेषा तुम्हांला स्वतःला खुपतात काय, ते तुमचे तुम्हांला कळेल.

दुसरा प्रश्न, हे थांबवता येईल काय? औषध तीन-चार महिन्यांचे आहे. एकदा घेतले आणि गुण ओसरला, तर जुना चेहरा पुन्हा समोर येणार. त्या दिवशी त्याला तुम्ही 'ये' म्हणू शकाल, की घाबरून धावत जाल? थांबवता येत असेल तर ती हौस. थांबवता येत नसेल तर ती ताबेदारी. आमच्या कलपाचेही तेच आहे, आणि आम्ही अजून थांबवू शकलेलो नाही, हेही कबूल करतो.

तिसरा प्रश्न पैशाचा. वर्षातून तीन-चार वेळा हा खर्च आहे. मुलगी प्रेमाने देते, तिचे मन मोडू नका. पण त्या पैशापायी तिच्या घरातले काही अडत नाही ना, एवढे पाहा.

आणि करायचेच ठरले तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. कातडीच्या शिकलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्या. स्वस्त मिळते म्हणून कुठल्या पार्लरमध्ये करू नका. स्नायू आणि मज्जातंतूंचा काही विकार असेल, चालू औषधे असतील, तर ते आधी सांगा. चुकीच्या जागी गेले तर पापणी काही आठवडे लोंबू शकते. क्वचित औषध पसरून गिळायला, श्वास घ्यायला त्रास होतो. तसे काही वाटले तर घरी बसून राहू नका, लगेच दवाखाना गाठा. हेही लक्षात ठेवा, की जो स्नायू सैल केला तो रागाच्याच वेळी नव्हे, काळजीच्या वेळीही हलणार नाही. नातवंड पडले तर तुमच्या काळजाचे पाणी होईल, पण भुवया मात्र पूर्वीसारख्या जवळ येणार नाहीत. काहींना त्याचे काही वाटत नाही, काहींना वाटते. आधी माहीत असावे, एवढेच.

हे झाले बाईंना उत्तर. पण आमच्या मते पत्र खरे आले होते ते आपल्या सर्वांच्या नावावर. भेटल्याबरोबर "किती वाळलात!", "केस पिकले की!", "वय दिसायला लागले हं!" असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. ही विचारपूस आहे असे आपल्याला वाटते. सुईपेक्षा ती खोल जाते. त्याऐवजी "बसा, पाणी घ्या, कशा आहात?" एवढे विचारायला काय लागते?

असो. उत्तर पाकिटात घातले आणि आम्ही बहिणीला फोन केला. कसे काढावे ते सुचेना. शेवटी म्हणालो, "त्या लग्नात मी तुला काहीतरी बोललो होतो बघ." पलीकडे जरा वेळ शांत. आम्हांला वाटले, विसरली असेल. मग ती म्हणाली, "दादा, तुला आठवतंय ते?"

आम्ही क्षमा मागितली. "पुढच्या वेळी फोटोत पुढे उभी राहा," असेही म्हणालो. ती म्हणाली, "बघू." तिच्या त्या 'बघू'ला किती दिवस लागतील ते आमच्या हाती नाही.