सूर्यगुरूचं घेणं अन् देणं

दत्तभक्तहो, भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले 24 गुरू सांगितले. त्यांत एक सूर्य. तो किरणांनी पाणी ओढून घेतो अन् वेळ आली की परत देतो. स्वतःपाशी काही ठेवत नाही.

आपण खारपाणपट्ट्यातली माणसं. बोअरचा घोट घशाखाली उतरत नाही. किडनीच्या दुखण्यानं गेलेली माणसं संग्रामपूर तालुक्यात आपण पाहिली. पण बघा, समुद्राच्या पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार खालीच राहतात, म्हणून पाऊस गोडा. पिकंसुद्धा मुळांनी ओल ओढतात अन् पानांतून आभाळाला परत देतात. आज मार्गशीर्षात आपला हरभरा हेच करतो आहे.

औंदा मी पत्र्याला पन्हाळ लावून टाकं भरलं. शेजारीण घागर घेऊन आली, तर मी म्हणालो, "आमचंच पुरत नाही." त्या रात्री पोथी उघडली अन् नेमका हाच अध्याय निघाला. मान खाली गेली. सकाळी घागर मीच भरून नेली.

मंडळी, पाणी आपल्या दारी थांबतं ते पुढं जाण्यासाठी. घेतलेलं वेळेवर देणं, हीच या गुरूची दीक्षा.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!