वैराग्य आणि पायांतले बळ

गिरणाकाठच्या भडगावात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, म्हातारपणी एक सल्ला ठरलेला असतो: आता बसून देवाचे नाव घ्या. वृद्धाश्रमात तर बसवून ठेवणे हीच सेवा वाटू लागते. मला हा धर्माचा चुकीचा अर्थ वाटतो. 1990 साली बोस्टनमध्ये डॉ. मारिया फिआटारोने यांनी शुश्रूषागृहातल्या, सरासरी नव्वद वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. तो पूर्ण करणाऱ्यांची मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. म्हणजे जिला आपण वयाची दुर्बलता म्हणतो, तिचा मोठा भाग बसून राहण्यातून आलेला असतो.

कोणी म्हणेल, नश्वर देहाचे एवढे लाड कशाला? पण गीतेचा सहावा अध्याय योगासाठी आहाराइतकाच विहारही प्रमाणात असावा असे सांगतो, आणि मुक्ताईनगरची मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला पायीच जाते. आपल्या भक्तिपरंपरेने पायांना कमी लेखलेले नाही. दुसरा आक्षेप पडण्याच्या भीतीचा. ती भीती खरी आहे. म्हणून डॉक्टरांना विचारावे, शेजारी माणूस उभा ठेवावा. पण खुर्चीतून हात न टेकता उठणे, कठड्याला धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून तोल सांभाळणे, हे सोडले की स्नायू झिजतात आणि पडण्याचा धोका वाढतोच. वैराग्य स्वतःहून स्वीकारायचे असते. दुसऱ्याचे पाय निकामी होऊ देऊन ते त्याच्यावर लादता येत नाही. ज्याला स्वतः उठता येते, त्याला उठू देणे हीसुद्धा सेवाच आहे.