डब्यातली जागा कोणाची?

मुंबईच्या उपनगरी गाडीत एक विलक्षण मतपरिवर्तन रोज घडत असते, आणि त्याला दहा सेकंददेखील पुरतात. फलाटावरचा माणूस दारातल्यांना विनवीत असतो, "जरा आत सरका हो, आत पुष्कळ जागा आहे." कसाबसा तो आत पाय टेकवतो. पुढचे स्टेशन येते आणि तोच माणूस बाहेरच्यांना बजावतो, "जागा नाही, मागची गाडी पकडा." डबा तोच, गर्दीही जवळपास तेवढीच. बदललेली असते ती केवळ त्याची उभे राहण्याची जागा.

हे मी इतरांविषयी लिहीत नाही. वसईहून मुंबईला जाणेयेणे मला नित्याचे आहे. एका संध्याकाळी दादरला मी असाच विनवण्या करून विरार गाडीत शिरलो. अंधेरीला एक तरुण दारातल्या दांड्याला लोंबकळत म्हणाला, "अंकल, थोडे आत व्हा." माझ्या मागे अर्धे पाऊल सरकण्याइतकी जागा होती. मी सरकलो नाही. आत ढकललो गेलो, तर वसईला उतरता येणार नाही, ही माझी भीती. तो बोरिवलीपर्यंत तसाच लटकत आला. तो सुखरूप उतरला यात माझा काही वाटा नव्हता; ती देवाची कृपा.

९ जून २०२५ रोजी मध्य रेल्वेवर मुंब्र्याजवळ परस्परांना ओलांडणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतून लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काही जण प्राणास मुकले. ती बातमी वाचताना मला अंधेरीचा तो तरुण आठवला.

प्रश्न असा, की सार्वजनिक वस्तूतील जी जागा मी आधी मिळवली, ती माझी होते काय? चौथ्या शतकातील बिशप संत बेसिल यांनी धनिकांना नाट्यगृहातील प्रेक्षकाची उपमा दिली होती. आधी येऊन बसायचे आणि मागून येणाऱ्यांना अडवायचे. जे सर्वांसाठी आहे ते केवळ आपलेच मानायचे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच दाखला विचारात घेऊन एक सूक्ष्म भेद केला. आधी येऊन इतरांची वाट सुकर करणारा दोषी नव्हे. इतरांना मज्जाव करणारा दोषी. गुरुकुलात शिकताना हा भेद मला पुस्तकी वाटला होता. त्याचा अर्थ विरार गाडीच्या दारात कळला.

कोणी म्हणेल, दोष प्रवाशांचा नाही, अपुऱ्या व्यवस्थेचा आहे. हे बव्हंशी खरे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तेव्हापासून हे शहर रुळांच्या कडेकडेने वाढत गेले. बारा डब्यांच्या गाड्यांबरोबर पंधरा डब्यांच्या आल्या, तरी दारे ओसंडतच राहिली. अधिक गाड्यांची मागणी आपण केलीच पाहिजे. परंतु अर्धे पाऊल मागे सरकण्याचा निर्णय कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही. तो ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो. २५ डिसेंबर २०१७ पासून पश्चिम रेल्वेवर आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या वातानुकूलित गाड्या धावू लागल्या. तेथे लोंबकळणे थांबते खरे. पण दार मिटण्यापूर्वी आत सरकायचे की नाही, हे यंत्र ठरवीत नाही.

माझ्या भीतीचाही विचार करायला हवा. दारात गर्दी आणि दोन बाकांच्या मध्ये थोडी मोकळीक, हे दृश्य आपण अनेकदा पाहतो. आत गेलेल्याला उतरताना वाट मिळेल, असा भरवसा कोणालाच वाटत नाही. म्हणून प्रत्येक जण दार धरून ठेवतो, आणि प्रत्येकाने दार धरल्यामुळेच वाट मिळत नाही. भरवसा कोणीतरी प्रथम टाकल्यावाचून ही गाठ सुटायची नाही. त्यात कदाचित आपले स्टेशन चुकेल, नालासोपाऱ्याला उतरून परतावे लागेल. ही किंमत एका जिवाच्या मानाने फार नव्हे.

तो तरुण मला पुन्हा भेटण्याचा संभव नाही. त्याचे अर्धे पाऊल मी देणे लागतो. ते आता दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाला तरी फेडायचे आहे.