नातवाचं तोंड पाहिल्यावर

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थानं घर केव्हा सोडावं, याच्या तीन खुणा दिल्या आहेत. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि अपत्याला अपत्य झालं, की अरण्याची वाट धरावी. पहिल्या दोन खुणा आरशात दिसतात, तिसरी पाळण्यात. घरात पुन्हा बाळाचं रडणं ऐकू येतं, आता कुठे खरी मजा सुरू झाली असं आजी-आजोबांना वाटायला लागतं, आणि शास्त्र म्हणतं, चला, निघा.

आजचे आजोबाही अरण्यात जातातच. फक्त नातवाला सोबत घेऊन जातात. शुक्रवारी संध्याकाळी मुळशी-ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्या पाहाव्यात, किंवा मेळघाटात सिपना नदीकाठच्या कोलकासच्या विश्रामगृहाचा व्हरांडा. दुर्बीण, चिवड्याचा डबा, डासांचं मलम आणि ‘वाघ कधी दिसणार’ हा दर दहा मिनिटांनी येणारा प्रश्न. सोमवारी शाळा, म्हणून रविवारी परत. वानप्रस्थ दोन रात्रींवर आलं. ही धर्माची थट्टा म्हणायची, की शास्त्रानं जे मागितलं होतं त्याचाच एक प्रकार?

मुळात शास्त्रकारांचंच यावर एकमत नव्हतं. चार आश्रमांची शिडी आपण शाळेत पाठ करतो. पण ते आरंभी एकामागून एक चढायचे टप्पे नव्हतेच, ब्रह्मचर्यानंतर माणसानं निवडायचे वेगवेगळे मार्ग होते, हे पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी १९९३ साली आश्रमव्यवस्थेवरच्या ग्रंथात साधार मांडलं. गौतमधर्मसूत्र तर, आचार्यांच्या मते आश्रम एकच, गृहस्थाचा, असंही नोंदवतं. पुढे कलियुगात जे करू नये त्याच्या, म्हणजे कलिवर्ज्यांच्या याद्या झाल्या. त्यांची सविस्तर चर्चा भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात सापडते. समुद्रपर्यटनाच्या जोडीला तिथे वानप्रस्थही बसलेलं आहे! ज्या वाटेचा इतका गौरव केला, ती वाट परंपरेनं स्वतःच बंद केली. विलायतेला जाण्यावरून प्रायश्चित्तं झाली, वाद पेटले. वानप्रस्थ बंद झालं म्हणून कुणी हळहळल्याचं फारसं ऐकिवात नाही.

कालिदासानं मात्र मधला मार्ग दाखवून ठेवला आहे. रघुवंशाच्या आठव्या सर्गात रघू राज्य अजाच्या हाती देऊन वनात निघतो. अज पाया पडतो, रडतो, जाऊ नका म्हणतो. मुलावर जीव असलेला रघू त्याचं ऐकतो आणि नगराबाहेर एका निवासात राहतो. म्हणजे सध्याच्या भाषेत सेकंड होम. पण कालिदास एक गोष्ट आवर्जून सांगतो: रघू थांबला, राज्य मात्र त्यानं परत घेतलं नाही. मुलाच्या प्रेमाला त्यानं मान दिला, कारभारात बोट घातलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सगळा प्रश्न त्या फटीतच अडकला आहे.

शास्त्रानं नातवाचा जन्म ही खूण का मानली असेल? नातवाचा लळा वाईट म्हणून नव्हे. नातू झाला याचा अर्थ मुलगा आता पूर्ण गृहस्थ झाला, त्याच्या हातात किल्ल्या द्यायला हव्यात. एका घरात दोन कर्ते नांदत नाहीत. वनात जायला सांगितलं ते झाडांसाठी कमी, तिजोरीपासून लांब राहण्यासाठी जास्त, असा या वचनाचा व्यवहारी अर्थ लागतो. अध्यात्म त्यावर चढवलेलं आहे. खोटं नाही, पण नंतरचं.

महाभारत इथे कमालीचं निर्दय आहे. युद्धात गांधारीचे सगळे मुलगे गेल्यावरही धृतराष्ट्र पंधरा वर्षं हस्तिनापुरात राहतो, पांडवांच्या मानपानात. भीमाचे टोमणे असह्य झाले तेव्हा कुठे तो निघतो. आणि निघताना श्राद्धासाठी द्रव्य मागतो तेव्हा त्यालाही भीम आडवा येतो. याउलट कुंती. आयुष्यभर वनवास आणि आश्रितपण भोगून राजमाता झालेली ही बाई नेमकी आता, मुलं गयावया करत असताना, दीर-जावेच्या सेवेला वनात जाते. तिच्या त्यागापुढे धृतराष्ट्राचा त्याग उशिरा भरलेल्या दंडासारखा दिसतो.

पुढे पांडव सगळ्या कुटुंबाला घेऊन त्यांना भेटायला वनात जातात आणि महिनाभर राहतात. आश्रमातल्या तापसांना संजय एकेकाची ओळख करून देतो, त्यात मुलासह आलेली उत्तराही आहे. वर्षांचा हिशेब केला तर परीक्षित तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा असणार. पणजी आणि पणतू अरण्यातल्या पर्णकुटीत काही दिवस एकत्र. व्यासांनी त्यांचा संवाद लिहिला नाही, हे वाचणाऱ्याचं नुकसान आहे. पण वानप्रस्थात नातवंडांना मज्जाव नव्हता, एवढं त्या प्रसंगावरून नक्की दिसतं. दोन वर्षांनी नारद बातमी आणतो: धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वणव्यात गेले. वणवा पेटला तोही धृतराष्ट्राच्याच यज्ञाग्नीतून. घरून नेलेली एक वस्तू शेवटी जाळायला पुरेशी ठरली.

कुंती स्वतःच्या मनानं गेली. मनूच्या गृहस्थाची बायको? तिला मुलांकडे सोपवावं किंवा सोबत न्यावं, असे दोनच पर्याय तिच्या नवऱ्याला दिलेले आहेत. तिला कुणी विचारलेलं नाही. आजच्या जंगलातल्या सुट्टीतही हे फारसं बदललेलं नाही. आजोबा नातवाला स्वर्गीय नर्तक पक्षी दाखवत असतात तेव्हा आजी ओले मोजे वाळत घालत असते, आणि खानसाम्याच्या भाजीत मुलांसाठी तिखट कमी पडेल याची व्यवस्था बघत असते.

गंमत अशी, की जीवशास्त्रात आजीचं स्थान याच्या नेमकं उलट आहे. टांझानियातल्या एयासी सरोवराच्या परिसरात हाडझा लोक शिकार करून, कंद-फळं वेचून जगतात. १९८०च्या दशकात क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की तिथल्या म्हाताऱ्या बायका तासन् तास कठीण जमीन खणून कंद काढतात. आईला नवं मूल झालं, की आधीच्या दूध तुटलेल्या मुलांचं वजन आजीच्या या खणण्यावर अवलंबून राहतं. मूल होण्याचं वय सरल्यावरही बाई इतकी वर्षं का जगते, याचं एक उत्तर त्यातून पुढे आलं: नातवंडांसाठी. त्या उत्तरावर अजून वाद आहेत. तरी मनूच्या वचनाशेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. एकाच्या मते नातवंड झालं की घरातलं काम संपलं, दुसऱ्याच्या मते खरं काम तिथूनच सुरू होतं; आणि दोघंही म्हातारपणाला रानातच पाठवतात.

मेळघाटातल्या कोरकू आजीला यातला कुठलाच पेच पडत नाही. मोहफुलांच्या दिवसांत ती पहाटे नातवंडांना घेऊन झाडाखाली जाते. तिला वनात जायला आधी घर सोडावं लागत नाही. अरण्य म्हणजे संसार संपतो ती जागा, ही कल्पना नगरात राहणाऱ्यांची. बोरी, कोहा, कुंड ही गावं व्याघ्रप्रकल्पासाठी बाहेर हलवली गेली. तिथल्या म्हाताऱ्यांचा प्रवास वानप्रस्थाच्या उलट दिशेनं झाला, आणि त्यासाठी कुणी पिकलेले केस मोजले नाहीत.

राहता राहिल्या किल्ल्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा झाला. त्यात ‘मुलं’ या शब्दात सज्ञान नातू आणि नातही धरली आहेत. ज्याच्या जन्मानंतर मनू आजोबांना निघायला सांगतो, त्याच नातवावर आता त्यांना सांभाळण्याची जबाबदारी येऊ शकते. त्याच कायद्याच्या २३व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर, न्यायाधिकरणाकडे जाऊन परत मागता येते. रघूला असल्या कलमाची गरज पडली नाही. अज रडला तेव्हा त्याच्या रडण्यावर बापाचा विश्वास होता. कोलकासच्या व्हरांड्यात मुलं झोपल्यावर मोठ्यांची कुजबुज सुरू होते ती बहुधा वाघाबद्दल नसते. पुण्याचा फ्लॅट आत्ताच नावावर करावा की मृत्युपत्रात लिहावा, यावर आजोबांचं मत एक असतं, आजीचं दुसरं, आणि मुलगा फक्त ऐकत असल्याचं दाखवतो.