कवेलू

देडतलाईत एक म्हातारी राहत होती. तिला दमा होता. कापूस वेचायला गेली की छाती भरून यायची, चुलीपुढे बसली की खोकल्याची उबळ उठायची. थंडीत तर ती अख्खी रात्र बाजेवर बसून काढायची.

पौषातल्या एका रात्री तिला बोलताही येईना. एका शब्दाला एक श्वास लागत होता. सुनेने कशीबशी गाडी मिळवली आणि तिला बऱ्हाणपूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी बोटाला चिमटा लावून आधी ऑक्सिजन पाहिला. मग नळी लावली, साल्बुटामॉल आणि इप्राट्रोपियमची वाफ दिली, सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड दिलं. पहाटे म्हातारीचा डोळा लागला.

सकाळी बाई चिठ्ठी लिहायला बसल्या आणि थांबल्या.

"आजी, आधीचं काही औषध आहे?"

आजीने पिशवी सोडली. आत दोन पंप निघाले. निळा हाताळून गुळगुळीत झालेला. तपकिरी जवळपास भरलेलाच.

"हा का नाही घेतला?"

"त्याने काही होतच नाही, बाई. निळ्याने लगेच मोकळं वाटते."

"पावसाळ्याआधी घराचे कवेलू फेरता ना?"

"फेराच लागतात."

"त्या दिवशी पाऊस असतो?"

आजी गप्प झाली.

"घर गळायला लागलं की खाली भांडं ठेवता, तसा हा निळा. तपकिरी म्हणजे कवेलू फेरणं. श्वासनळीच्या आतली सूज त्याने उतरते, पण सावकाश. बरं वाटलं तरी रोज घ्यायचा."

आजीने मान हलवली. तरी बाई लिहीनात. म्हणाल्या, "आता ओढून दाखवा."

आजीने पंप दाबला. तोंडातून पांढरी वाफ बाहेर आली. औषध जिभेवरच राहिलं होतं.

बाईंनी सुनेला पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली आणायला लावली. बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं, पंप घट्ट बसवला, फटीला चिकटपट्टी लावली.

"पंप हलवायचा. श्वास सोडायचा. बाटलीचं तोंड ओठांत धरून एकदा दाबायचं, हळूहळू ओढायचं आणि श्वास रोखून मनात दहा मोजायचे. तपकिरी घेतला की चूळ भरायची."

तिसऱ्या खेपेला आजीला जमलं. मग बाईंनी सुनेलाही ते करून दाखवायला लावलं. तेव्हा कुठे चिठ्ठी लिहिली. थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या सोडल्या, तर औषधं जुनीच होती.

चिठ्ठीवर उतरलेलं औषध छातीत उतरतंच असं नाही. ते उतरतं की नाही हे पाहणं, हाही औषध लिहिण्याचाच भाग आहे. एकट्या निळ्या पंपावर दमा सोपवू नये, असं जगभरातले दमातज्ज्ञ २०१९ पासून सांगत आहेत. बाटलीचा उपायही काही बाईंच्या मनचा नव्हता. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी तो मुलांवर तपासून १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला होता.

तुमच्या घरात दम्याचं माणूस असेल, तर पुढच्या खेपेला दोन्ही पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर ओढून दाखवा.