सतरा होले

नानांची एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. लहानपणी त्यांनी गलोलीने एका दिवसात सतरा होले पाडले होते. दर दिवाळीला ती गोष्ट व्हायची आणि मुलं डोळे मोठे करून ऐकायची.

एका जानेवारीत सातवीतल्या मुक्ताला घेऊन नाना भरतपूरला गेले. तिथल्या केवलादेवच्या रानाला आसपासची माणसं 'घना' म्हणतात. भरतपूरच्या राजांची ही शिकारीची राखीव जागा होती. पाणी अडवून तळी भरायची, थंडीत बदकं उतरली की बड्या पाहुण्यांना बोलवायचं. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. सायकलरिक्षा चालवणारे सरदारजीच वाटाडे होते.

रानातल्या केवलादेवाच्या देवळाजवळ शिकारींची नोंद कोरलेला दगड आहे. तारीख, पाहुणा, बंदुका, पक्षी. वाण्याच्या वहीसारखा हिशेब. मुक्ता मोठ्याने वाचू लागली. "१२ नोव्हेंबर १९३८. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो. पक्षी ४,२७३." ती थांबली. "एका दिवसात?"

सरदारजींनी मान हलवली.

"पाहुण्याचं नाव आहे, पक्ष्यांचं एकही नाही," ती म्हणाली. मग काहीतरी आठवून वळली. "नाना, तुमचे सतरा होते ना?"

पोरीच्या मनात टोमणा नव्हता. पण नानांना उत्तर सुचेना.

रिक्षा पुढे निघाली. सरदारजी मध्येच ब्रेक दाबत, बोट दाखवत, हलक्या आवाजात नाव सांगत. बाभळींवर चित्रबलाक, पाण्यातून नुसती मान वर काढलेला तिरंदाज, लव्हाळ्यात जांभळा बगळा. मुक्ता वहीत लिहून घेत होती. नाना गप्प होते. उभ्या आयुष्यात त्यांनी पाखराकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. नेम धरायला क्षणभर पुरतो.

सरदारजी म्हणाले, "पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या संस्थेची माणसं इथे पक्षी जाळ्यात धरायची, पायात कडी घालायची आणि सोडून द्यायची. म्हणजे कुठून येतात ते कळतं." मग एका रिकाम्या पाणथळीकडे पाहत राहिले. "इथे सायबेरियाचे पांढरे क्रौंच उतरायचे. वाटेत अफगाणिस्तान-पाकिस्तानात बंदुका होत्या. २००२ नंतर आले नाहीत."

मुक्ताने तेही नाव लिहिलं.

परतताना सारसांची जोडी दिसली. दोघांनी माना उंचावून एका सुरात साद घातली. नानांनी दुर्बीण खाली ठेवली ती डोळे पुसायला.

त्या दिवाळीत मुलांनी गलोलीची गोष्ट मागितली. नाना म्हणाले, "ती आता नको. मुक्ता, तुझी वही आण." मग एकेक नाव वाचत ते उशिरापर्यंत बोलत राहिले.

तुम्ही भरतपूरला गेलात तर देवळाजवळचा तो दगड चुकवू नका. बरोबर लहान मूल असेल, तर त्यालाच मोठ्याने वाचू द्या.