चौघांनी वाहिलेला मनुष्य

गंगापूर रोड, नाशिक

शास्त्रभाग: मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय २, वचने १ ते १२. (उपदेशकांनी हा भाग मंडळीपुढे प्रथम सावकाश वाचावा, आणि मग पुढील प्रवचन सांगावे.)



कफर्णहूम येथील त्या घरात काय घडले ते आपणांपैकी बहुतेकांस पाठ आहे. प्रभू घरात उपदेश करीत आहे, दारापाशीही जागा उरलेली नाही, आणि अशा वेळी चौघे जण एका पक्षाघाती मनुष्यास बाजेवर घालून आणितात. गर्दीतून वाट मिळेना, तेव्हा ते घरावर चढतात, छप्पर उकरतात, आणि बाज खाली सोडितात. या वृत्तांतात एक लहानशी गोष्ट आहे. वाचणारा तिच्यावरून बहुधा भरभर पुढे जातो. प्रभूने कोणाचा विश्वास पाहिला? मार्क म्हणतो की, त्यांचा. त्या ‘त्यांच्या’मध्ये आजारी मनुष्यही असेल, परंतु वाहून आणणारे होते यात संशय नाही. आजाऱ्याच्या तोंडचा एकही शब्द लिहून ठेविलेला नाही. त्याच्याने चालवत नव्हते, आणि कदाचित मागवतही नव्हते. दुसऱ्यांच्या खांद्यावरून तो प्रभूपाशी आला, आणि क्षमा व आरोग्य ही दोन्ही घेऊन स्वतःच्या पायांनी घरी गेला.

असे वाहणारे कसे असतात हे नीट ध्यानात यावे म्हणून आज आम्ही एक उदाहरण घेणार आहो, आणि ते आकाशातील आहे. नाशिक रोडजवळ गांधीनगर येथे २००३ सालापासून लष्कराच्या हवाई शाखेची वैमानिकांची शाळा आहे. नाशिककरांस हेलिकॉप्टरची घरघर नवी नाही. आकाशात तो आवाज झाला की मुले अंगणात धावतात, आणि मोठी माणसेही हातातले काम थांबवून वर पाहतात. या यंत्रास धावपट्टी लागत नाही. ते उभ्याने चढते, उभ्याने उतरते, आणि खळ्याएवढी मोकळी जागा मिळाली तरी त्याचे भागते. म्हणून जेथे गाडी जात नाही व घोडाही चढत नाही, अशा ठिकाणी पडलेल्या घायाळ शिपायास उचलून आणण्याचे काम युद्धात त्याच्याकडे आले आहे.

येथे कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, शांतीच्या राजाच्या मंडळीत लढाईचे गुणगान कशाला?” प्रश्न योग्य आहे. आम्ही लढाईचे गुणगान करीत नाही. लढाई हे मनुष्याच्या पापाचे फळ आहे, आणि ते फळ बहुधा गरिबाच्या मुलास खावे लागते. तथापि त्या अंधारातही जो मारण्यासाठी न जाता उचलण्यासाठी जातो, त्याच्याकडे पाहून शिकावे असे पुष्कळ आहे. प्रभूने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली, तेव्हा वाटमाऱ्यांची स्तुती केली नव्हती.

पहिली गोष्ट ही की, ज्यास दुसऱ्याला उचलावयाचे आहे त्याने स्वतःचे ओझे कमी केले पाहिजे.

१९८४ सालच्या एप्रिलापासून आपले शिपाई सियाचेनच्या बर्फावर पहारा देत आहेत. तेथील कित्येक चौक्या १८,००० फुटांहून उंच आहेत. इतक्या उंचीवर हवा फार विरळ असते. हेलिकॉप्टरच्या पंख्यास आधार घेण्यापुरती हवाच मिळत नाही. अशा ठिकाणी ‘चीता’ नावाचे लहानसे हेलिकॉप्टर जाते. निघण्यापूर्वी वैमानिक प्रत्येक वस्तूच्या वजनाचा हिशेब करितात. इंधन जाऊन येण्यापुरते, सामान जेमतेम, आणि एवढे करून रुग्ण एक किंवा फार तर दोन. खाली टेकल्यावर यंत्र बंद करीत नाहीत, कारण त्या थंडीत ते पुन्हा चालू होईल याचा भरवसा नसतो. जो शेर वजन आपण अधिक नेला, तोच शेर घायाळाला खाली ठेवावयास लावील, हे त्यांस पक्के ठाऊक असते.

या कामाचा आरंभही असाच झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या एप्रिल महिन्यात, ब्रह्मदेशच्या जंगलात जपानी फौजेच्या पाठीमागे एक लहान विमान पडले. त्यात वैमानिक व तीन घायाळ इंग्रज शिपाई होते. आसामातील लालाघाट येथून कार्टर हारमन नावाचा अमेरिकन लेफ्टनंट हेलिकॉप्टर घेऊन निघाला. त्याचे यंत्र इतके दुर्बळ होते की एका खेपेस एकच मनुष्य उचलवत असे, आणि मध्येच ते तापून बसले. तरी दोन दिवसांत चार खेपा करून त्याने चौघांनाही काढिले. घायाळ आधी गेले. पडलेल्या विमानाचा वैमानिक सर्वांच्या शेवटी गेला.

बंधूंनो, आपण कोणते वजन घेऊन फिरत आहो? “त्याने आधी येऊन माझी क्षमा मागावी,” हे एक वजन आहे. “मागच्या लग्नात आम्हांला पान विचारले नाही,” हे दुसरे. “मी इतकी वर्षे मंडळीचा पंच आहे,” हे तिसरे. ही सर्व बरोबर घेऊन आपण पडलेल्या भावाच्या घरी जातो, आणि मग तो उचलत नाही म्हणून त्याच्यावर रागावतो. भाऊ जड नाही. आपली पोटली जड आहे.

दुसरी गोष्ट ही की, वाहणारे चौघे लागतात.

व्हिएतनामच्या युद्धात घायाळांस आणणाऱ्या अमेरिकन हेलिकॉप्टरांवर बहुधा चौघेच असत: दोन वैमानिक, एक यंत्राची निगा राखणारा, आणि एक औषधोपचार करणारा. पुढे बसलेल्या वैमानिकास मागचे शेपूट दिसत नाही. झाडांच्या मध्ये उतरताना मागचा मनुष्य दारातून वाकून सांगतो की, थोडे डावीकडे घ्या, आता उजवीकडे, आता खाली. त्याने चूक केली तर चौघेही मरतील. उपचार करणारा उड्डाण चालू असतानाच रक्त थांबवितो, कारण जखम झाल्यानंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो. ज्याने यंत्र चालविले त्याने रक्त थांबविले नाही, आणि ज्याने रक्त थांबविले त्याला यंत्र चालविता येत नव्हते. परंतु मनुष्य वाचला तो चौघांमुळे.

आपल्या गावांत काय होते? बाज एकट्या उपदेशकाच्या डोक्यावर असते. कोणी दारूस लागला, “उपदेशकांनी समजवावे.” कोणाची मुलगी माहेरी परत आली, “उपदेशकांनी बोलणे लावावे.” कोणी महिनाभर अंथरुणास खिळला, “उपदेशक प्रार्थना करून येतीलच.” बाजेचे एकच टोक उचलले तर आजारी मनुष्य घसरून पडतो, हे सांगावयास शास्त्र लागत नाही, शेतातील पोरालाही ते कळते. उपदेशकाने एक टोक धरावे. दुसरे टोक त्या मनुष्याच्या शेजाऱ्याने धरावे. तिसरे एखाद्या वडीलधाऱ्या बाईने, जिला त्या घरात चुलीपर्यंत जाता येते. आणि चौथे त्याने, जो स्वतः एकदा तसाच पडला होता व ज्याला इतरांनी उचलले होते.

तिसरी गोष्ट ही की, वाहण्यास धोका असतो व खर्चही असतो.

१८६४ साली जिनिव्हा येथे राष्ट्रांनी करार केला की, घायाळ कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा करावी. आणि शुश्रूषा करणारांस ओळखता यावे म्हणून पांढऱ्यावर तांबडा क्रूस ही खूण ठरविली. परंतु खूण म्हणजे चिलखत नव्हे. व्हिएतनामात मेजर चार्ल्स केली नावाचा अधिकारी १ जुलै १९६४ रोजी घायाळांस उचलण्यासाठी उतरला असता चहूकडून गोळ्या येऊ लागल्या. त्याला तारायंत्रावरून निघून जाण्यास सांगण्यात आले. त्याने उत्तर दिले की, तुमचे घायाळ माझ्या ताब्यात आले म्हणजे निघेन. थोड्याच वेळात गोळी लागून तो मरण पावला. त्याचे ते उत्तर पुढे त्या कामावरील सर्व पथकांचे ब्रीद झाले. आपल्या देशातही १९९९ च्या कारगिलच्या युद्धात गुंजन सक्सेना व श्रीविद्या राजन या दोन तरुण वैमानिक भगिनी, ज्यांवर एकही बंदूक नव्हती अशी ‘चीता’ हेलिकॉप्टरे घेऊन, त्या डोंगरांमध्ये घायाळांस आणण्याचे काम करीत होत्या.

आता कफर्णहूमच्या छपराकडे पाहा. खानदेशातील धाब्याचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांस ते सहज समजेल: लाकडाच्या सरांवर काटक्या, आणि त्यांवर मातीचा थर. त्या चौघांनी ते उकरले. खाली बसलेल्या शास्त्र्यांच्या अंगावर माती पडली असेल. घरधनी ओरडला असेल. पुढे ते छप्पर कोणी शाकारले हे मार्क सांगत नाही. आम्हांस वाटते, त्या चौघांनीच दुसऱ्या दिवशी येऊन शाकारले असेल. मंडळीत पडलेल्या मनुष्यास आत आणावयाचे म्हणजे कशावर तरी माती पडणारच. “लोक काय म्हणतील” हे एक छप्पर आहे. “आमच्या घराण्यात असे चालत नाही” हे दुसरे. प्रभूने त्या चौघांस छपराबद्दल एक शब्दही बोलला नाही, हे लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट सांगावयास कठीण आहे. आपण वाहिले, आणि मनुष्य वाटेतच गेला तर?

पेठ व सुरगाणा या तालुक्यांतील आपल्या बांधवांस हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सडकेवर येते. परंतु पावसाळ्यात काही पाड्यांपासून सडकेपर्यंत अडलेल्या बाईस आजही डोलीत घालून ओढे ओलांडावे लागतात. त्या डोलीखाली ज्यांनी खांदा दिला आणि तरी ज्यांच्या हाती मरण आले, ते रात्री जागे राहून विचारतात की, आमचे श्रम फुकट गेले काय? सैनिकांस आणणारी ती पथकेही हाच प्रश्न घेऊन परततात. आणि ज्याच्यासाठी आपण वर्षानुवर्षे प्रार्थना केली तो भाऊ सुधारल्यावाचूनच गेला, असे ज्यांच्या घरी झाले आहे, त्यांचाही प्रश्न हाच आहे.

याचे उत्तर आम्ही आमच्याच गावातून देतो. गंगापूर रोडला लागूनच शरणपूर आहे. मागील शतकाच्याही मागील शतकात तेथील मिशनच्या वसाहतीत गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकेची मुले शिकत असत. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७२ साली डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस आफ्रिकेत गेला. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारले. तेव्हा सुसी व चुमा या त्यांच्या जुन्या सोबत्यांनी, जेकबने, व इतरांनी त्यांचे हृदय तेथील झाडाखाली पुरले. दफनाची उपासना जेकबने वाचली, आणि झाडावर धन्याचे नाव कोरले. मग देह सुकवून, सालीत गुंडाळून, ते समुद्राकडे निघाले. वाट सुमारे हजार मैलांची होती. तिला नऊ महिने लागले. मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने सल्ला दिला की, देह येथेच पुरा. त्यांनी तो मानिला नाही. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडन येथील वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन यांस पुरले, तेव्हा शवपेटी धरणारांत आपल्या शरणपूरच्या शाळेचा जेकब होता.

त्यांनी ज्यास वाहिले तो बरा होणार नव्हता. हे त्यांस पहिल्याच दिवशी ठाऊक होते. तरी त्यांनी वाहिले, कारण त्याला टाकून यावयाचे नव्हते. बंधुभगिनींनो, बरे करणे हे आपल्या हातचे नव्हे. ते काम प्रभूने कधी कोणाला तोडून दिलेले नाही. चौघांनी पक्षाघात्यास बरे केले नाही. त्यांनी फक्त दोर सोडिला. वाटेत जो आपल्या हातांत गेला, त्याचेही ओझे ज्याने शेवटी हाती घेतले, तो दयाळू आहे. म्हणून डोलीखाली खांदा देऊन रडणाऱ्या माणसा, तुझे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत.

शेवटी हे पाहा की, आपण सर्वही वाहिले गेलेले आहो. पौल फिलिप्पै येथील मंडळीस लिहितो त्याचा भावार्थ असा की, जो देवाच्या रूपाचा होता त्याने स्वतःस रिकामे केले व तो खाली आला. आपणांस वर चढता येत नव्हते, म्हणून तो आपण पडलो होतो तेथे उतरला. त्याच्यावरही प्रहार झाला. त्यालाही क्रूसावरून उतरून स्वतःस वाचीव असे सांगण्यात आले, आणि तो उतरला नाही, कारण त्याचे घायाळ अजून त्याच्या हाती यावयाचे होते.

आता प्रत्येक मंडळीने पुढील रविवारपर्यंत एवढे करावे. उपासना संपल्यावर थोडे बसावे. आपल्या गावात या घटकेस कोण पडला आहे, त्याचे नाव मनात आणावे: कर्जात बुडालेला, बाटलीस लागलेला, भांडणामुळे उपासनेस न येणारा, किंवा दवाखान्याची वाट दूर असलेला कोणी. त्याच्याविषयी चावडीवर बोलू नये. त्याच्यासाठी चौघे निवडावे, आणि त्या चौघांनी याच आठवड्यात त्याच्या दारी जावे. उशीर करू नये. जखमेचा पहिला तास निघून गेला म्हणजे परत येत नाही.

आपल्या खांद्यांस बळ, आपल्या मनांस हलकेपणा, आणि जे युद्धाच्या डोंगरांवर आजही घायाळांस उचलीत आहेत त्यांस रक्षण, ही सर्व आपला प्रभू येशू ख्रिस्त देवो. आणि सर्व राष्ट्रांत तो दिवस लवकर आणो, ज्या दिवशी उचलण्यास कोणी घायाळ उरणार नाही. आमेन.